फिरत्या रेघांचा डोळा

पेडण्यात जत्रेला दशावतार बघायला बसलेल्या माणसाला त्या रात्री कोणते आख्यान लागणार हे कदाचित ठाऊक नसेल, पण सुरुवात कशी होणार हे पक्के ठाऊक असते. गणपती येणार, रिद्धी-सिद्धी येणार, भटजी पूजा सांगणार, काळ्या कपड्यांतला लाल जिभेचा संकासूर धुमाकूळ घालणार. मग रात्रभर आख्यान, आणि पहाटे दहीहंडी फुटली की लोक उठून चालू लागणार. मंडळ मोचेमाडकरांचे असो, पार्सेकरांचे असो की वालावलकरांचे, ही दोन टोके हलत नाहीत. बदलते ते मधले.

गोव्याच्या या मुलखात ऐंशीच्या दशकात टीव्ही आला तेव्हा रोज संध्याकाळी दूरदर्शनचे तेच चिन्ह, तीच धून, तीच संथ चाल बघायला कोणी कंटाळले नाही, याचे कारण मला तरी इथेच सापडते. डिचोलीत एका घरी टीव्ही असला तर ओसरीवर निम्मी आळी जमायची. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच जागा धरून बसायचे, कारण काळ्या पडद्यावर त्या दोन रेघा फिरू लागण्यापासूनच बघायचे असायचे. ती धून सनईवर होती. देवळातल्या पहाटेच्या सनईवर वाढलेल्या कानांना त्यात परके काही वाटले नाही.

त्या चिन्हाचा जन्म अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतला, एनआयडीतला. दूरदर्शन तेव्हा आकाशवाणीचेच अंग होते. 1 एप्रिल 1976 रोजी ते वेगळे झाले आणि वेगळ्या घराला वेगळी पाटी हवी झाली. काम एनआयडीकडे आले. तिथले अध्यापक विकास सातवळेकर यांचा विद्यार्थी देवाशिष भट्टाचार्य याने दोन वक्ररेषा काढल्या, एकमेकींचा पाठलाग करणाऱ्या, आणि त्यांच्या मध्ये एक गोळा. चिनी यिन-यांगची आठवण यावी अशी आकृती, पण बघणाऱ्याला आधी डोळाच दिसतो. एकूण 14 आराखडे पुढे गेले, 8 विद्यार्थ्यांचे आणि 6 अध्यापकांचे. त्यांतून इंदिरा गांधींनी हा निवडला. गुरुजनांची सहा चित्रे बाजूला राहिली आणि शिष्याचे पडद्यावर गेले, याचे मला आजही मोठे कौतुक वाटते.

कागदावरची आकृती हलती करायचे काम आर. एल. मिस्त्री यांचे. आज संगणकावर पोरेसोरेही असला फिरता लोगो चुटकीसरशी करतील. तेव्हा संगणक नव्हता. मिस्त्रींनी मूळ चित्राच्या प्रती काढल्या, त्या कॅमेऱ्याखाली ठेवल्या आणि थोडे थोडे फिरवत चित्रण केले. फिल्मवर एक चौकट, मग कागद किंचित वळवायचा, मग पुढची चौकट. असे करत करत सुट्या रेघा गरगरत जवळ येतात, एकमेकींत बसतात आणि डोळा पुरा होतो. खाली ‘सत्यं शिवं सुंदरम्’ ही अक्षरे. नीट बघितले तर या हालचालीत यंत्राचा गुळगुळीतपणा नाही. फिरण्यात किंचित जडपणा आहे, आणि मला वाटते, त्या जडपणामुळेच ते गंभीर दिसते. पुढे हेच चिन्ह चकचकीत, धातूचे, त्रिमिती करून पाहिले गेले, तेव्हा ते एखाद्या बँकेचे वाटू लागले.

धून पंडित रविशंकर आणि सनईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. ‘सारे जहाँ से अच्छा’ची रविशंकरांनी बांधलेली चाल ज्यांच्या कानात आहे, त्यांना तिचा भास या धुनेत होतो. मला होतो.

आता आमच्या बाजूची गोष्ट. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यालाही दिसू लागले. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर ओलांडत नाहीत. मुंबईपासून पेडणे हवाई अंतराने चारशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे गोव्यापर्यंत मुंबई पोहोचणे शक्यच नव्हते. ऑगस्ट 1983 मध्ये इन्सॅट-1बी आकाशात गेला आणि 1984 साली सरकारने देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक उभारायचा धडाका लावला, दिवसाला एक म्हणावे असा. हे प्रक्षेपक उपग्रहावरून आलेला दिल्लीचा कार्यक्रम पुढे ढकलत. त्यामुळे झाले असे, की मराठी नाटकावर पोसलेल्या पेडणे-डिचोलीच्या घरांत टीव्ही आला तो हिंदी-इंग्रजी बोलत.

मुंबई दूरदर्शनच्या कार्यक्रमांच्या शेवटी येणारी, मुंबईकरांच्या आठवणीतली ती पाटी आमच्या वाट्याला आली नाही. ‘गजरा’ संपला की निर्मिती विनायक चासकर, ‘ज्ञानदीप’ संपला की आकाशानंद: ही नावे दादर-गिरगावच्या पोरांना पाठ होती, कारण कार्यक्रमाच्या अखेरीस ती दर वेळी दिसत. दूरदर्शनचा निर्माता हा तेव्हा पगारी माणूस होता, कंपनी नव्हे, म्हणून तिथे बोधचिन्ह नसे, नुसते नाव असे. उपग्रहावरची मराठी वाहिनी 1994 साली आली, तिला ‘सह्याद्री’ हे नाव 2000 मध्ये मिळाले. तोवर ‘गजरा’चा बहर कधीच ओसरला होता. डोळा मात्र आम्ही मुंबईकरांइतकाच पाहिला होता.

खासगी कंपन्यांच्या खुणा प्रायोजित मालिकांबरोबर आल्या. 1984 ची ‘हम लोग’, मग 1987 ला सागर यांचे ‘रामायण’, 1988 ला चोप्रांचे ‘महाभारत’. चोप्रांच्या बी. आर. फिल्म्सच्या चिन्हावर लॅटिन बोधवाक्य होते: कला दीर्घ, आयुष्य थोडे. हे लोक चित्रपटातले, आणि चित्रपटाला खुणेचे वेड जुनेच. मेहबूब यांनी विळा-हातोडा लावला. राज कपूरने ‘बरसात’मधल्या प्रसंगाची आकृती आर. के.च्या दारावर चढवली: एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर नर्गिस.

पण या सगळ्यांची आजी म्हणजे प्रभातची तुतारीवाली. 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. मागे झुकून, तुतारी वर उचलून फुंकणारी ती बाई बोलपट आल्यावर वाजूही लागली. ‘संत तुकाराम’ किंवा ‘कुंकू’ लागला की आधी ती. कंपनी पुण्याला गेली, शांताराम 1942 मध्ये बाहेर पडले, पन्नाशीच्या दशकात सगळे आटोपले आणि त्या जागेवर 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. कंपनी गेली तरी तुतारीवाली लोकांच्या लक्षात राहिली, आणि तिला जुन्या माणसांनी कधी लोगो म्हटले नाही. तुतारी झाली की सिनेमा सुरू, एवढेच.

आताच्या मालिकेचा शेवट बघा. शेवटचा संवाद संपतो न संपतो तोच चित्र आक्रसून कोपऱ्यात जाते, नावे मुंगीएवढी होऊन धावतात, निर्मितीसंस्थेची खूण क्षणभर लुकलुकते आणि पुढच्या मालिकेची जाहिरात अंगावर येते. ज्या माणसांनी शंभर भाग खपून केले, त्यांची नावे वाचायला भिंग लागावे हा निव्वळ कोडगेपणा आहे. मोबाइलवर तर सुरुवात गाळायचे बटणच दिलेले असते. दशावतारात कोणी संकासुराला गाळा म्हटले, तर त्याला जत्रेत उभे करणार नाहीत.

दूरदर्शननेही मधल्या काळात स्वतःच्या खुणेत कमी हात घातलेला नाही. रंग आला, पार्श्वभूमीला निरनिराळी दृश्ये आली, नव्वदच्या दशकात ‘सत्यं शिवं सुंदरम्’ गळले. 2017 साली तर नव्या बोधचिन्हासाठी खुली स्पर्धा झाली. देशभरातून ढिगाने आराखडे आले, पण डोळा आपल्या जागी राहिला. मग एप्रिल 2024 मध्ये डीडी न्यूजचे चिन्ह तांबड्याचे भगवे झाले आणि निवडणुकीच्या तोंडावर राजकीय वाद पेटला. दोन्ही बाजू आठवडाभर रंगावर भांडल्या. आकृती बदला असे त्यात कोणीच म्हटले नाही.