उन्हात न जाता लागलेले ऊन

एप्रिलमधली गोष्ट. रात्रीचे आठ वाजले असतील. नवी पेठेतील एका कापड दुकानाचे मालक आपल्याकडे कामाला असलेल्या मुलाला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आले. वय वीस-बावीस. डोके ठणकत होते, दोन उलट्या झालेल्या, पोटऱ्यांत गोळे येत होते, नाडी जलद आणि रक्तदाब उतरलेला. "याला ऊन लागलंय," असे मी म्हणताच मालक म्हणाले, "डॉक्टर, हा उन्हात कुठं गेलाय? दिवसभर वरच्या गोडाऊनमध्ये सावलीतच होता की!"

त्या सावलीनेच घात केला होता. सलाईन लावले, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घातला, मुलगा सावरला. पण माझ्या मनातून ते गोडाऊन जाईना. दुसऱ्या दिवशी रात्री दवाखाना बंद करून मी पाहायला गेलो. खाली रस्त्यावर वारा सुटला होता; तिसऱ्या मजल्यावर पाऊल ठेवले आणि भट्टीचे दार उघडल्यासारखे वाटले. स्टुलावर चढून छताला तळहात लावला, तो फार वेळ ठेववेना. गच्चीवर गेलो तर गळती थांबवण्यासाठी दोन वर्षांपूर्वी टाकलेला डांबराचा काळा थर! गळती थांबली होती, हे खरे.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात काळ्या गच्चीचा पृष्ठभाग ६५ अंशांच्याही वर जाऊ शकतो. ही उष्णता स्लॅब दिवसभर पीत राहतो आणि खालच्या बाजूने ती सावकाश सोडतो. म्हणून दुपार सरली, ऊन उतरले, तरी वरच्या मजल्यावरचा माणूस रात्रीपर्यंत शेकतच असतो. आपले शरीर घाम वाळवून थंड राहते. पण तापलेल्या छताची उष्णता थेट अंगावर येते, तिला पंखा अडवू शकत नाही; शरीराहून गरम झालेली हवा पंखा नुसती फिरवतो. त्यातून तागे धुळीने खराब होऊ नयेत म्हणून खिडक्या बंद! तरुण मुलगा सावरला. तेथे साठीचे मुनीमजी असते, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असते, तर प्रकरण एवढ्यावर निभावले नसते. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा गुंगीत गेला, तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी ओतत, वारा घालत थेट रुग्णालय गाठावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

आपल्या भागातली जुनी माळवदाची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना आठवत असेल की दुपारी आत गारवा असे. वरचा मातीचा जाड थर उष्णता खाली येऊ देत नसे. पावसाळ्याआधी गवत उपटून नवी पांढरी माती पसरावी लागे, तो एक घरचा वार्षिक कार्यक्रमच असायचा. स्लॅब आला आणि गच्चीला काही करावे लागते, हेच आपण विसरलो. मात्र गारव्यासाठी आता स्लॅबवर माती टाकू नये. ते वजन त्याला पेलेलच असे नाही.

मग काय करावे? नवी इमारत बांधणाऱ्यांनी विटांच्या तुकड्यांचा कोबा करून, दर दहा फुटांना इंच-दीड इंच उतार ठेवून, वर पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवाव्यात. गवंडी याला चायना मोझॅक म्हणतात. काम झाल्यावर दोन दिवस पाणी तुंबवून गळती पाहावी, मगच शेवटचा हप्ता द्यावा. जुन्या स्लॅबवर कोबा करायचा तर आधी इंजिनिअरला वजन विचारावे. डांबरी थर असेल तर त्यावर चालणारा उष्णतारोधक पांढरा रंग मिळतो. साध्या सिमेंटच्या गच्चीला डिंक घातलेला चुनाही चालतो. तो दर उन्हाळ्याला द्यावा लागतो एवढेच. याने खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण आणून व्यापारी इमारतींना ते बंधनकारक केले. आपण कायद्याची वाट कशाला पाहावी? पांढरी गच्ची धुळीने मळली की तिचा गुण जातो, म्हणून फेब्रुवारीत एकदा धुवावी.

गच्चीवर पत्र्याचे शेड हा आपल्या व्यापाऱ्यांचा आवडता उपाय. चारही बाजू मोकळ्या असतील तर स्लॅबला सावली मिळते, माझी हरकत नाही. पण वर्षभरात बाजू बंद होतात, शेडचे गोडाऊन होते आणि दोन शिलाई यंत्रे तिथे जाऊन बसतात. पत्र्याखाली माणूस बसवण्यापेक्षा त्याला भर रस्त्यावर झाडाखाली बसवलेले बरे.

मे महिनाअखेर गच्चीवरून एक फेरी मारावी. पाणी जाण्याची भोके पतंग, पालापाचोळा, चहाचे कप यांनी बुजलेली असतात. आपल्याकडे मोठा पाऊस सप्टेंबरात, आणि डेंग्यूचे रुग्णही त्याच सुमारास वाढतात. हा डास दिवसा, म्हणजे ऐन दुकानाच्या वेळेत चावतो. तुंबलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो आणि कोरडी पडलेली अंडी महिनोन्‌महिने टिकतात. नळाला रोज पाणी नाही म्हणून टाक्या वाढल्या, त्यांची झाकणे मात्र वाऱ्याने केव्हाच उडाली आहेत.

त्या दुकानाच्या मालकांनी मे उजाडण्याआधी गच्ची पांढरी केली, मागच्या दोन खिडक्यांना जाळ्या बसवून त्या उघड्या ठेवल्या. मुलगा परवा दाखवायला आला होता, तो दुसऱ्याच कारणासाठी. चुना कालवताना त्याच्या डोळ्यात शिंतोडा उडाला होता. त्याने लगेच नळाखाली डोळा धरला, म्हणून बचावला. चुना उडाल्यास डोळा न चोळता निदान वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा आणि नंतर तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. हे काम सकाळी नऊच्या आत, चष्मा लावूनच करावे.