नोन्नाच्या पाटावरचा भूगोल

नाताळ जवळ आला की इटलीतल्या बोलोन्यात घरोघरी तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरलेला इवलासा पास्ता, वळायला लहानथोर एकत्र बसतात. नोन्ना, म्हणजे आजी, मोठ्या लाकडी पाटावर लांब लाटण्याने पातळ पारी लाटते. वळायच्या कामात मुलंही हात घालतात. इवल्याशा चौकोनावर सारणाचा ठिपका ठेवायचा, त्रिकोणी घडी घालायची, करंगळीभोवती फिरवून दोन्ही टोकं चिमटीत दाबायची.

सारणात डुकराचं मांस, प्रोशुत्तो (डुकराचं खारवलेलं मांस), मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं सॉसेज), पार्मेजान चीज, अंडं आणि जायफळ. 1974 मध्ये ही कृती बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली गेली!

दक्षिणेला बारी शहरात तऱ्हाच वेगळी. तिथल्या जुन्या गल्लीत बायका दारात टेबल मांडून ओरेक्किएत्ते नावाचा पास्ता करतात. त्यात अंडं नाही, फक्त ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी. सुरीने तुकडा ओढायचा, अंगठ्यावर उलटा करायचा, की कानाच्या पाळीसारखा आकार तयार.

एकाच देशात इतका फरक का, हे मुलांनी विचारावं आणि मोठ्यांनी नकाशा उघडावा; ताटातल्या गोष्टी कुठून कुठून आल्या ते त्यावर दिसतं. सिसिलीतल्या त्रापानीत माशांच्या रश्श्याबरोबर खाल्लं जाणारं कुसकुस (रव्याचे वाफवलेले दाणे) उत्तर आफ्रिकेचं. टोमॅटो अमेरिकेतून आलेला. जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं.

घरात मुलं असतील तर या रविवारी 100 ग्रॅम मैद्यात एक अंडं घालून पीठ मळा, अर्धा तास झाकून ठेवा, पातळ लाटा. तालियातेल्ले या पास्त्याच्या पट्ट्या कापायचं काम मात्र मुलांवरच सोपवा.