लहान शहरांतील वाहनतळ : मोजणी आणि शुल्क-आकारणी
(विशेष संदर्भ : बारामती व इंदापूर)

प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार बारामतीची लोकसंख्या ५४,४१५, तर इंदापूरची २५,५१५ इतकी होती. तथापि या शहरांच्या रस्त्यांवर उभी राहणारी वाहने केवळ शहरवासीयांची नसतात. तहसील कचेरी, न्यायालय, रुग्णालये, महाविद्यालये, बँका आणि आठवडे बाजार यांसाठी तालुक्यातील गावोगावची माणसे दुचाकीवरून येतात. गळीत हंगामात त्यांत उसाच्या ट्रॅक्टरांची भर पडते. कोंडी वाढली की रस्तारुंदीकरण, नवा वाहनतळ किंवा सम-विषम तारखांचा फलक असे उपाय सुचविले जातात. मात्र एक वाहन एका जागी किती वेळ उभे राहते, हा मूळ प्रश्न सहसा विचारलाच जात नाही.

जागेची टंचाई की वेळेची?

समजा, बाजारपेठेतील शंभर मीटर लांबीच्या कडेला शंभर दुचाकी उभ्या राहू शकतात. सकाळी नऊ ते सायंकाळी सात या दहा तासांत ही जागा एक हजार 'वाहन-तास' पुरविते. त्यांपैकी साठ जागा दुकानदार व त्यांच्या नोकरांच्या वाहनांनी दिवसभर अडविल्या, तर ग्राहकांसाठी चारशे वाहन-तास उरतात. प्रत्येक ग्राहक अर्धा तास थांबला, तर आठशे ग्राहकांची सोय होते. तीच साठ वाहने पाच मिनिटांच्या अंतरावरील मोकळ्या जागेत गेली, तर त्याच कडेला दोन हजार ग्राहक सामावतात. रस्ता इंचभरही रुंद करावा लागत नाही. शुल्क लावल्यास गिऱ्हाईक तुटेल, ही व्यापाऱ्यांची भीती अनाठायी नाही. परंतु गिऱ्हाइकाची जागा बहुधा दुकानाच्याच वाहनाने व्यापलेली असते, हेही तितकेच खरे.

अर्थात हे गृहीत धरून चालणार नाही, मोजावे लागेल. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. ठरावीक रस्त्यावर दर अर्ध्या तासाने फेरी मारून उभ्या वाहनांच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहून घेतले, की किती जागा व्यापलेल्या आहेत, प्रत्येक वाहन सरासरी किती वेळ थांबते आणि एका जागेवर दिवसात किती वाहने येऊन जातात, ही तिन्ही उत्तरे मिळतात. बाजाराचा दिवस, साधा दिवस आणि गळीत हंगामातील दिवस अशा स्वतंत्र नोंदी हव्यात. भूगोल, अर्थशास्त्र वा वाणिज्य विभागाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम सहज जमण्यासारखे आहे. शहरी वाहतुकीपैकी तीस टक्के वाहने केवळ जागा शोधत फिरतात, असे विधान सर्रास उद्धृत होते. ती १९२७ ते २००१ या काळातील सोळा पाहण्यांची सरासरी आहे. तीही कोंडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या परदेशी शहरांची. बारामतीला ती जशीच्या तशी लावणे शास्त्रीय ठरणार नाही.

शुल्काचे तत्त्व व अनुभव

मागणीनुसार पार्किंगचा दर बदलावा, ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९५४ मध्ये मांडली. डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात तिचा विस्तार करून, दर इतकाच असावा की प्रत्येक रस्त्यावर एक-दोन जागा सदैव रिकाम्या राहतील, असे सूत्र दिले. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०११ पासून सुमारे सात हजार मीटर-जागांवर हा प्रयोग केला. साठ ते ऐंशी टक्के जागा व्यापलेल्या असाव्यात हे उद्दिष्ट ठेवून गर्दीच्या ठिकाणी दर वाढविले, ओस ठिकाणी उतरविले. प्रायोगिक काळाअखेर मीटरचा सरासरी दर ताशी अकरा सेंटने कमी झाला. शुल्क म्हणजे वसुली, या समजुतीला हा अनुभव छेद देतो.

आपल्याकडचा अनुभव मात्र वेगळा आहे. पुणे महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले. विरोधामुळे ते पाच रस्त्यांपुरते प्रायोगिक ठरले आणि पुढे कित्येक वर्षे तेवढेही अमलात आले नाही. उभ्या वाहनाने व्यापलेल्या जमिनीचे मूल्य शुल्कात उतरावे, असे २००६ चे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण सांगते. धोरण आणि अंमलबजावणी यांतील हे अंतर केवळ राजकीय इच्छाशक्तीच्या अभावाने पडते असे म्हणणे सोपे आहे. तथापि पैसे कोठे जाणार हे नागरिकांना आधी सांगितले नाही, तर विरोध स्वाभाविकच होय.

बारामती-इंदापूरसाठी विचार

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहने उभी करण्याच्या जागा विनिर्दिष्ट कालावधीसाठीही ठरविता येतात. म्हणजे वेळेची मर्यादा कायद्याला परकी नाही. खेड्यातून औषध किंवा बियाणे घ्यायला आलेल्या शेतकऱ्यावर भार पडू नये, म्हणून पहिला अर्धा तास विनाशुल्क ठेवून पुढे दर चढता ठेवणे इष्ट. वाहनतळाच्या प्रचलित मापांनुसार मोटारीस साडेबारा, तर दुचाकीस दोन चौरस मीटर जागा लागते. दोहोंच्या दरांत सहा पटींचे अंतर त्यामुळे अन्याय्य नाही. शुल्क गर्दीच्या निवडक रस्त्यांपुरतेच असावे आणि ते लागू करण्यापूर्वी दिवसभर थांबणाऱ्या वाहनांसाठी जवळची जागा निश्चित व्हावी.

वसुलीचा ठेका वार्षिक ठोक रकमेवर दिल्यास ठेकेदाराला जागा भरलेली राहण्यातच हित वाटते, आणि कोणते वाहन किती वेळ थांबले याची नोंद नगरपरिषदेकडे येत नाही. म्हणून पावतीवर वाहन आल्याची व गेल्याची वेळ नोंदवावी, त्या नोंदी दरमहा नगरपरिषदेकडे जमा कराव्यात, आणि दर सहा महिन्यांनी त्यांवरून दर चढवावा किंवा उतरवावा, ही अट करारातच असावी लागेल.