वलंदेजांची दारू आणि हळकुंड

कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्याच्या शिवारात केळी आहे, हळद आहे; नाही तो समुद्र. पश्चिमेचा जितका लांब, जवळपास तितकाच पूर्वेचाही. हळद शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून चकाकी आणायची आणि हिंगोली किंवा वसमतच्या बाजारात न्यायची, हा इथला व्यवहार. अशा गावातल्या वाचकाला खलाशांच्या दारूचं काय? पण जिनच्या गोष्टीत शेवटी हळद येते, म्हणून ती सुरुवातीपासून सांगायला हवी.

जिन मुळात इंग्रजांची नव्हे, हॉलंडच्या डचांची. म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांतल्या वलंदेजांची. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची यादी येते, तीत फिरंगी, इंग्रज, फरासीस यांच्या बरोबरीने वलंदेजही आहेत. हे लोक धान्याची दारू गाळून तिला जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा वास देत. जुनिपरला त्यांच्या भाषेत येनेव्हर म्हणतात, तेच दारूचं नाव झालं. पुढे इंग्रजांनी त्या नावाचं शेपूट छाटलं आणि ‘जिन’ उरली.

१६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि येनेव्हर दूरच्या सफरींवर निघाली. यात शौकापेक्षा सोय मोठी होती. पिंपातलं पाणी काही आठवड्यांत कुजतं, बिअर आंबते. गाळलेली दारू मात्र विषुववृत्त ओलांडूनही टिकते. याच कंपनीने सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला वखार घातली. गोव्याच्या फिरंग्यांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना रसद पुरवणं हे तिचं एक मोठं काम. वखारीचे पडके अवशेष वेंगुर्ल्यात आजही उभे आहेत. मालवणी जेवणासाठी तिकडे जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून ते बघावेत.

कोकणपट्टीने या दर्यावर्दी पेयांना काय दिलं, हे जॉन फ्रायरच्या प्रवासवर्णनात सापडतं. हा इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७५ मध्ये मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरला गेला होता, एवढी त्याची ओळख मराठी वाचकाला असते. पण गोव्याजवळच्या नेरूळची माडाची दारू उत्तम असते, तिच्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज ‘पंच’ नावाचं पेय करतात आणि हा शब्द ‘पाच’वरून आला, हेही त्याने नोंदवून ठेवलंय. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला मिळून पाच. लंडनच्या पार्ट्यांत मोठ्या वाडग्यातून ‘पंच’ वाटला जातो, तेव्हा आपल्याकडचा एक आकडा ओगराळ्याने वाढला जात असतो!

लिंबाचा इतिहास तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंडने ‘सॅलिसबरी’ जहाजावर स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांवर प्रयोग केला. ज्या दोघांना संत्री-लिंबं मिळाली ते झपाट्याने सुधारले. तरीही लिंबाचा रस सरसकट द्यायला ब्रिटिश आरमाराने १७९५ उजाडू दिलं. सरकारी फाईल तेव्हाही आजच्याच चालीने चालत होती, एवढंच म्हणायचं. १८६७ मध्ये लॉकलन रोझने दारू न घालता लिंबाचा रस टिकवण्याचं पेटंट घेतलं. तो रस आणि जिन मिळून ‘गिमलेट’ झाली.

आरमारातही पंक्तिभेद होता. खलाशाला पाणी घातलेली रम, जिचा रतीब ३१ जुलै १९७० ला कायमचा बंद झाला. अधिकाऱ्याला जिन, तीही बहुधा प्लिमथ बंदरातली, जिथली भट्टी १७९३ पासून या धंद्यात आहे. जहाजावर हिरवी निशाणी चढली की शेजारच्या जहाजांवरच्या अधिकाऱ्यांनी समजावं, आज इथे प्यायला बोलावणं आहे. दारूत भिजवलेली बंदुकीची दारूही पेटली तर माल अस्सल, ही कथा सगळीकडे सांगतात. (मराठीत दोन्हींना ‘दारू’च म्हणतात, त्यामुळे ही कसोटी आपल्याला जरा जास्तच कळते.) त्या कसोटीला उतरणारं प्रमाण सुमारे ५७ टक्के. बाटलीवरचे ‘नेव्ही स्ट्रेंग्थ’ हे शब्द मात्र जुने नाहीत. ते १९९३ मधल्या जाहिरातीचं अपत्य.

टॉनिकची दंतकथा याहून चिवट. साहेब हिवतापावर उपाय म्हणून जिन-टॉनिक पीत, असं सर्रास लिहिलं जातं. टॉनिकमध्ये असतं ते क्विनाईन हिवतापावर खरंच औषध होतं. त्यासाठी सिंकोनाची झाडं निलगिरीत लावली गेली. आपल्या महाबळेश्वरला लिंगमळ्यातही लावली, तिथे ती जगली नाहीत. पण आजच्या टॉनिकमध्ये अमेरिकेत लिटरमागे जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम क्विनाईन चालतं, आणि रोग्याला दिवसाला साधारण १८०० मिलिग्रॅम लागतं. म्हणजे रोज वीस लिटरच्या वर टॉनिक प्यायला हवं. त्यापेक्षा हिवताप परवडला!

मुंबईचं नाव तर जगभर पोचलं ते एका निळ्या बाटलीमुळे. ‘बॉम्बे सफायर’ १९८० च्या दशकात बाजारात आली. ती गाळतात इंग्लंडात, हॅम्पशायरमधल्या लेव्हरस्टोक गावी. नावातला नीलमही मुंबईचा नाही, ‘स्टार ऑफ बॉम्बे’ नावाचा तो खडा श्रीलंकेतला. मुंबईच्या वाट्याला फक्त लेबल आलं.

हा उलटा व्यापार सरळ व्हायला गोव्यात सुरुवात झाली. नाओ स्पिरिट्सने २०१७ मध्ये ‘ग्रेटर दॅन’ आणली, पाठोपाठ २०१८ मध्ये ‘हपुसा’. त्याच वर्षी ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ही आली. पैकी ‘हपुसा’चं नाव आयुर्वेदातल्या हपुषेवरून, म्हणजे जुनिपरवरूनच घेतलेलं, आणि तीत वापरलेली जुनिपर हिमालयातली. वलंदेजांनी युरोपातल्या फळांवर उभी केलेली दारू इथे हिमालयातल्या फळांवर उभी राहिली. जोडीला आलं, वेलदोडा, धणे, आणि हळद.

‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण करणाऱ्यांना ही हळद सुचली नसती. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तेव्हा जिन गाळणाऱ्यांनी जुनिपरचा डोंगर सांगावा, तसं हळकुंड कुठल्या बाजारातून उचललं तेही बाटलीवर छापावं.