खोटे न भुंकणारा कुत्रा

अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या वायव्य भागात, टस्कंबिया गावापासून काही मैलांवर दाट झाडीत एक दफनभूमी आहे. तेथे ३०० हून अधिक कुत्रे चिरनिद्रा घेत आहेत. रॅकूनची शिकार करणाऱ्या 'कूनहाउंड' कुत्र्यांखेरीज अन्य कुत्र्यांना तेथे प्रवेश नाही. घरात लाडाने पाळलेल्या कुत्र्यांना तर मुळीच नाही!

की अंडरवूड या शिकाऱ्याने ४ सप्टेंबर १९३७ रोजी आपला 'ट्रूप' येथे पुरला. पंधरा वर्षांहून अधिक काळ दोघांनी एकत्र रान तुडवले होते. अंडरवूडने त्याला कापूस वेचण्याच्या गोणत्यात गुंडाळले, तीन फूट खोल खड्डा खणला आणि जुन्या धुराड्याच्या दगडावर हातोडी व स्क्रू ड्रायव्हरने त्याचे नाव कोरले. पूर्वी शिकारी जेथे तळ ठोकून आपापल्या कुत्र्यांच्या कथा रंगवीत, तीच ही जागा. दफनभूमी उभारण्याचा त्याचा हेतू नव्हता. पण पाहता पाहता इतरही आपले कुत्रे तेथे आणू लागले.

ट्रूपमध्ये असे काय होते? शिकाऱ्यांच्या भाषेत त्याचे नाक 'थंड' होते. म्हणजे रॅकून जाऊन बराच वेळ लोटल्यावर उरलेला शिळा मागही तो काढू शकत असे. सामान्य कुत्र्याला ताजा वास लागतो. शिळ्या वासावरून चिकाटीने पुढे सरकणारा मात्र विरळाच.

रॅकून हा डोळ्यांभोवती काळा पट्टा आणि शेपटीवर कडी असलेला निशाचर प्राणी. तो भारतात आढळत नाही. पाठलाग होताच तो ओढ्यातून चालत वास तोडतो, कधी एका झाडावर चढून फांद्यांवरून दुसऱ्यावर जातो. कुत्र्याची खरी परीक्षा इथेच. शिकारी अंधारात दूर उभा असतो; त्याला दिसत काहीच नाही, तो केवळ ऐकतो. माग काढताना कुत्रा लांब सूर लावतो आणि रॅकून झाडावर चढला, की बुंध्याशी उभा राहून तुटक, भराभर भुंकू लागतो. हा बदललेला आवाज ऐकूनच मालक पाय उचलतो. अनेक जण आपला कुत्रा अर्धा मैल अंतरावरूनही आवाजावरून ओळखतात.

म्हणूनच या कुत्र्याचा सर्वांत मोलाचा गुण वेग नव्हे, तर प्रामाणिकपणा मानला जातो. हरणामागे धावणारा किंवा रिकाम्या झाडाखाली भुंकणारा कुत्रा कितीही देखणा असो, त्याला मान नाही. या कुत्र्यांच्या परवानाप्राप्त रात्रस्पर्धांत रॅकूनला मारत नाहीत, केवळ गुण दिले जातात; तेथेही चुकीच्या झाडाचे गुण वजा होतात. शिकारीला विरोध असणाऱ्यांनाही या कसोटीचे कौतुक वाटावे.

दफनभूमीचा नियमही याच धर्तीचा आहे. कुत्रा अस्सल कूनहाउंड असल्याचे मालकाने सांगणे पुरेसे नाही. साक्षीदार लागतो, शिवाय दफनभूमीच्या संघटनेच्या सदस्याने कुत्रा पाहून तसा निर्वाळा द्यावा लागतो. एका थडग्यावरील मजकूर तर मालकाचीही कसोटी पाहणारा आहे : हा सर्वोत्तम नव्हता, पण मला लाभलेल्यांत सर्वोत्तम होता, अशा आशयाचा.

दर वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, कामगार दिनाला, येथे मेळा भरतो. गाणी, नाच आणि भोजन असते. आणि थापा मारण्याची स्पर्धाही असते. अर्थात ती माणसांसाठी.