नाव असिमोव्हचं, बंड हॉलिवूडचं

जुलै २००४मध्ये, अमेरिकी उन्हाळ्याच्या ऐन हंगामात आलेल्या ‘आय, रोबॉट’ने आयझॅक असिमोव्हच्या १९५०च्या पुस्तकाचं नाव घेतलं, रोबोंचे तीन नियम घेतले, त्यातली रोबो-मानसतज्ज्ञ सुझन केल्विनही घेतली, आणि असिमोव्हला ज्याचा मनस्वी कंटाळा होता, ते यंत्रांचं बंडच पडद्यावर मांडलं. पुस्तकातल्या नऊ कथांत रोबो बिघडतात, गोंधळतात, क्वचित खोटंही बोलतात. ते का, याचा छडा तर्काने लावायचा असतो. चित्रपटात विल स्मिथ गोळ्या झाडतो. पटकथा मुळात ‘हार्डवायर्ड’ या नावाने स्वतंत्रपणे लिहिलेली होती, पुस्तकाचं नाव तिला नंतर चिकटलं, हे कळल्यावर फारसं आश्चर्य उरत नाही.

कोणी म्हणेल, चित्रपटातल्यासारखं माणसाच्या भल्यासाठी माणसावरच ताबा मिळवणारं यंत्र पुस्तकाच्या शेवटच्या कथेतही आहेच की! आहे. पण तिथली यंत्रं हे काम गाजावाजा न करता, रक्त न सांडता करतात, म्हणूनच ‘मग यात वाईट काय?’ हा प्रश्न वाचकाला छळतो. रस्त्यावर रोबोंची फौज उतरली की तो प्रश्नच निकालात निघतो. सिनेमाला हाणामारी लागतेच, हा बचावही लंगडा. रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’ने (१९८२) फिलिप के. डिकच्या कादंबरीची बरीच मोडतोड केली, हाणामारीही दाखवली. पण माणूस कोणाला म्हणायचं, हा प्रश्न सोडला नाही. गल्ल्याचं म्हणाल, तर ‘ब्लेड रनर’ तेव्हा पडला होता आणि ‘आय, रोबॉट’ चांगला चालला. तो एकदा बघायला हरकत नाही. पुस्तक मात्र आधी वाचा.