नाममुद्रा आणि बॅटचे पाते

बोरिवलीच्या शाळेतून पुढे आलेल्या रोहित शर्माच्या बॅटवर 2015 साली ‘सीएट’ हे नाव आले. टायर करणाऱ्या या कंपनीचा कारखाना आपल्या भांडुपचा. टायरचा बॅटशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जाहिरातीचा, हे उघडच आहे. मला त्यात रस आहे तो निराळ्या कारणाने. रोमन लिपीत या नावाची अक्षरे चारच, आणि बॅटच्या दृष्टीने हे मोठेच भाग्य.

कारण तेथे जागा किती? नियमाप्रमाणे बॅटची रुंदी सव्वाचार इंचांहून अधिक असता कामा नये. चार अक्षरांना जेमतेम इंच-इंच मिळतो. बारा अक्षरांच्या नावाला त्याचा तिसरा हिस्सा. सीमारेषेपलीकडून ती मुंग्यांची रांगच दिसायची! नाव पात्याच्या लांबीने लिहावे, तर अक्षरे मोठी होतात, पण वाचणाऱ्याला मान वाकडी करावी लागते. एकाखाली एक अक्षर मांडणे हा तिसरा मार्ग. रोमन अक्षरे अशी सुटी उभी राहतात. आपल्या देवनागरीत मात्र शिरोरेघ तुटते, आणि वेलांट्या-उकारांना वरखाली जागा देता देता मूळ अक्षर बारीक होते. मराठी नावाची मुद्रा घडवणाऱ्याने प्रथम शिरोरेघेचे काय करणार, हे ठरवावे. रंगाचा विचार मागाहून.

बरे, बॅट काही भिंतीवरच्या पाटीसारखी स्थिर नसते. शतक झाले की फलंदाज ती उंचावतो. पात्याचे टोक वर जाते आणि एरवी सरळ दिसणारी अक्षरे उलटी होतात. वर्तमानपत्रात छायाचित्र येते ते नेमके त्याच क्षणाचे! म्हणून उलटे धरूनही ओळखू येईल, असा आकार हवा. चेंडू बहुधा पात्याच्या खालच्या भागावर बसतो, तेव्हा नाव वरच्या भागात टिकते. पाठीमागे मधोमध कणा असतो. कागदावर वाटोळे काढलेले चिन्ह तेथे दोन उतारांवर मोडते.

प्रत्येक खेळाची अशी स्वतंत्र अडचण असते. टेनिसच्या रॅकेटवर विल्सन कंपनी तारांवर एकच ठसठशीत इंग्रजी अक्षर रंगवते, कारण जाळीच्या छिद्रांतून नाजूक अक्षर गळूनच जाईल. कबड्डीत चढाई करणारा वाकलेला असतो. छातीवरचे नाव घड्यांत लपते, पाठीवरचे दिसते.

शिवाय नियम असतातच. 2019 च्या विश्वचषकात महेंद्रसिंह धोनीच्या यष्टिरक्षणाच्या हातमोज्यांवर सैन्यदलाचे ‘बलिदान’ चिन्ह होते. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्याला परवानगी नाकारली. आमच्या भावनांना धक्का बसला, तरी मोज्यावर काय असावे याची नियमावली आधीपासून होती. चित्रकाराने ती कुंचला उचलण्यापूर्वी वाचलेली बरी.

अभ्यासाला फार खर्च नाही. घाटकोपर-मुलुंडच्या एखाद्या क्रीडासाहित्याच्या दुकानात जाऊन बॅट, हेल्मेट, मोजे हातात घ्यावेत, मोजपट्टी लावावी. मग कच्च्या आराखड्याचा कागद जुन्या बॅटवर चिकटवून मित्राला मैदानात उभे करावे, आणि साठ-सत्तर पावलांवरून पाहावे. त्याला बॅट फिरवायला सांगावी, उंचवायला सांगावी. काय वाचता आले, ते तेथेच टिपून ठेवावे. हे चिकटपट्ट्या छापून येण्याआधी करायचे. नंतर कारखानदाराचे पैसे गेलेले असतात.